बहात्तर खण आणि एक नाही

ठिगळला ठिगळ म्हणत, कारण त्याचं कामच ते होतं. वयस्कर लोकांना राहायला खोल्या देणाऱ्या त्या कार्यालयात एक वेब सर्व्हर होता, म्हणजे लोकांनी घरबसल्या भरलेले फॉर्म घेऊन नोंदवहीत टाकणारा प्रोग्रॅम. वीस वर्षांपूर्वी तो कार्यालयातच कुणीतरी लिहिला होता, आणि तेव्हापासून जिथे फाटेल तिथे ठिगळ लावणं चालू होतं. आधीचे तीन ठिगळवाले नोकरी सोडून गेले. चौथ्याला नाव चिकटलं.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला मावशी त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ठिगळ सहा वर्षांचा असल्यापासून हिनेच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे ती रागावलेली आहे हे त्याला तिच्या पिशवी धरण्याच्या पद्धतीवरून कळायचं. आज पिशवी दोन्ही हातांत होती.

"मावशी, तू इथे? फोन करायचा ना."

"केला. फोनवरची बाई म्हणते, हा ग्राहक अस्तित्वात नाही. मी म्हटलं, ग्राहक नसेल, मी आहे. तिने ठेवला."

"अगं, ते रेकॉर्डिंग असतं."

"ते सोड. लिफ्ट माझ्यासाठी उघडत नाही. इथलं खालचं काचेचं दार उघडत नाही, एक पोस्टमन आला त्याच्या मागून आत निसटले. शेजारणीला हाक मारली तर तिने खिडकी लावून घेतली. म्हणाली, वारा सुटलाय."

ठिगळ हसला. तेवढ्यात त्याच्या साहेब, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, केबिनमधून आल्या. मावशी ज्या खुर्चीत टेकत होती ती त्यांनी सरळ ओढून नेली. "ही रिकामीच आहे ना? मीटिंगला कमी पडतेय." मावशी कशीबशी सावरली. "आणि ठिगळ, ते सर्व्हरचं भोक आज चारच्या आत बुजवा. तपासणीवाल्यांनी लाल शाईने लिहिलंय."

"हो बाई. ही माझी मावशी."

मोठ्या बाईंनी मावशीच्या आरपार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "छान आहे," म्हणाल्या, आणि खुर्ची घेऊन गेल्या.

ठिगळचं हसू तिथल्या तिथे गोठलं. त्याने मावशीचा खोली क्रमांक टाकला. पडद्यावर आलं: हयात: नाही.

त्या इमारतींमधली दारं, लिफ्ट, फोन, सगळं या एका रकान्यावर चालायचं. दर बुधवारी प्रत्येकाने फॉर्म भरायचा. 'आपण हयात आहात का?' समोर हो किंवा नाही, आणि खाली शेऱ्याचा चौकोन. शुक्रवारी चार वाजता यादी वर जायची आणि 'नाही'वाल्यांच्या खोल्या पुढच्या माणसाला मिळायच्या. मावशीच्या खोलीचा पुढचा माणूस सकाळपासून जिन्यात पलंग घेऊन उभा होता.

"तू 'नाही'वर खूण केलीस?"

"मी काय खुळी आहे? 'हो'वर केली. मग शेऱ्यात लिहिलं. दर आठवड्याला जिवंत आहात का, जिवंत आहात का! मला आला राग."

शेरा पडद्यावर होता: मी ठणठणीत आहे अजून तरी मेले नाही

ठिगळने ते वाक्य तीनदा वाचलं आणि मग सर्व्हरच्या पोटात हात घातला. वीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने शेऱ्यासाठी बहात्तर खण राखले होते आणि शेजारी लिहून ठेवलं होतं, 'बहात्तर अक्षरांत माणूस काय ते सांगून मोकळा होतो.' पण यंत्राच्या आत मराठीच्या प्रत्येक चिन्हाला तीन खण लागतात. अक्षर वेगळं, काना-मात्रा वेगळी. शब्दांमधल्या मोकळ्या जागेला मात्र एकच. आणि आलेला मजकूर खणांत मावतो की नाही हे मोजायचं त्या माणसाच्या मनातच आलं नव्हतं. मावला नाही तर तो शेजारच्या खणांत सांडायचा. शेजारी कोण? हयात. तपासणीवाल्यांचं भोक ते हेच.

ठिगळने बोटांवर मोजलं. 'मेले'पर्यंत बावीस चिन्हं, म्हणजे सहासष्ट खण. मोकळ्या जागा सहा. झाले बहात्तर. चौकोन काठोकाठ भरला होता आणि उरलेला एकच शब्द शेजारी जाऊन बसला होता. नाही.

"मावशी, मी जिवंत आहे असं सांगता सांगता मेलीस तू."

"मग जिवंत कर. नोकरी कशाला लावलीय तुला?"

हयातचं 'हो' पुसून 'नाही' करायला बटण होतं. 'नाही'चं 'हो' करायला नव्हतं. ठिगळ केबिनमध्ये डोकावून विचारून आला. मोठ्या बाई म्हणाल्या, "आजवर कुणी मागितलं नाही." मृत्यूबाबत हरकतीचा फॉर्म तेवढा होता, तो मयताने स्वतः भरायचा होता आणि त्याने फक्त शेरा बदलायचा.

फक्त शेरा.

ठिगळ खुर्चीत ताठ झाला. भोक अजून बुजवलेलं नव्हतं. ज्या भोकातून मावशी गेली, त्यातूनच तिला ओढून आणायचं. बावीस चिन्हं, सहा मोकळ्या जागा, आणि शेवटी, बहात्तरच्या पलीकडे, 'हो'. पण 'हो'ने संपणारं वाक्य आणायचं कुठून?

"हे बघ," मावशी टेबलावर हात आपटत म्हणाली. हात आपटल्याचा आवाज आला नाही. "तुझ्या त्या बाईला जाऊन सांग. अहो, मी इथेच बसलेय, जिवंत आहे हो!"

ठिगळने स्वल्पविराम काढले आणि मोजलं. मग परत मोजलं.

अहो मी इथेच बसलेय जिवंत आहे हो

बावीस आणि सहा. त्याने हरकत दाखल केली. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग आलं: हयात: हो. मावशीच्या पिशवीतला फोन वाजला, आणि पलीकडच्या टेबलावरचा कारकून दचकून म्हणाला, "अरेच्चा, मावशी! कधी आलात?"

आता भोक बुजवायचं आणि घरी जायचं. पण ठिगळला एक खोड होती, उकललेली शिवण तो टोकापर्यंत बघायचा. त्याने मावशीचा तो मूळचा शेरा वहीभर शोधला; त्यातच साडेतीन वाजले. एकेचाळीस जण निघाले. कुणाचं 'मेले नाही', कुणाचं 'मेलो नाही', एरवी अक्षरन्‌ अक्षर तेच.

"मावशी, हे वाक्य तुला कुणी सांगितलं?"

"खालच्या बाकावर एक टोपीवाले आजोबा असतात, मागे तुझा डबा घेऊन आले तेव्हा भेटले. म्हणाले, असं लिहा, मजा येते. हे काय, ते तिकडे बसलेत."

खालच्या मजल्यावर, काचेच्या दाराच्या आत, एक लांब बाक होतं. ठिगळच्या टेबलावरून ते जिन्याच्या कठड्यातून दिसायचं. त्यावर म्हातारी माणसं बसलेली असत. ठिगळला वाटायचं, ती तीन नंबरच्या खिडकीवर आलीत. तीन नंबरवाल्याला वाटायचं, ती ठिगळकडे आलीत. नोकरीला लागल्यापासूनच्या चार वर्षांत त्यांतलं कुणी उठल्याचं त्याला आठवत नव्हतं. बाक लांब होतं हे खरं, पण एवढ्या माणसांना पुरावं इतकं लांब नव्हतं.

तो खाली गेला. टोपीवाल्या आजोबांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली.

"सापडलं का भोक? तो सर्व्हर मीच लिहिलाय. पहिली चाचणी स्वतःवरच घेतली."

"मग तुम्हाला माहीत होतं! आणि तरी लोकांना ते वाक्य सांगत सुटलात?"

"दार उघडेना. कुणी ऐकेना. ज्यांना ऐकू आलं त्यांना सांगितलं." आजोबांनी टोपी सारखी केली. "एकट्याने बसून कंटाळा येतो हो."

पावणेचार वाजले होते. ठिगळ दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पळाला आणि एकेचाळीस हरकती एकदम सोडल्या. पुरुषांसाठी 'बसलोय', चिन्हं तेवढीच. खालून एकेचाळीस फोन वाजल्याचा आवाज आला. काचेचं दार उघडलं आणि उघडंच राहिलं. माणसं उठली आणि एकेक करून बाहेर गेली, कुणी मागे न बघता. टोपीवाले सर्वांत शेवटी गेले आणि जाताना त्यांनी रिकाम्या बाकावरून हात फिरवला.

चारला दोन मिनिटं असताना ठिगळने भोक बुजवलं. बहात्तर खण भरले की पुढचं कापून टाकायचं, बस. शेजारी सांडायचा प्रश्नच नाही. मोठ्या बाईंनी लाल शाईवर हिरवी खूण केली. जिन्यातला पलंग परत गेला.

"आता शेऱ्यात काहीही लिही," त्याने मावशीला सांगितलं. "जास्तीचं आपोआप कापलं जाईल."

"मी तेच लिहिणार," मावशी म्हणाली. "त्यांना कळू दे."

पुढच्या बुधवारी तिने तेच लिहिलं. ठिगळने सहज वही उघडली. हयात: हो. बरं वाटलं. मग खाली शेरा दिसला.

मी ठणठणीत आहे अजून तरी मेले

त्याने लगेच फोन लावला. मावशीने पहिल्याच घंटीला उचलला. आवाज खणखणीत होता.

"मावशी, बरी आहेस ना? काही त्रास?"

"छे रे! मला काही झालं," मावशी म्हणाली.

"काय झालं?"

"अरे, झालं. काळजी करण्यासारखं आहे." ती थांबली. वाक्य संपलंय असं तिला वाटत होतं. "तू उगाच घाबरू. मी कुठे जाते? इथून मी आता हलणार."

मग ती हसली, नेहमीसारखीच, आणि हसणं मध्येच