पाटनहून फोन आला नाही

थंडी पडली की विनताचे सोमवार फोनवर जायचे. जबलपूरला साथरोग विभागात ती जिल्ह्यातल्या दवाखान्यांना विचारायची, या आठवड्यात ताप-खोकल्याचे किती आले. त्यावरून फ्लू कुठे वाढतोय ते कळायचं. बाकीचे डॉक्टर कुरकुरत. पाटनचे म्हातारे डॉक्टर दिवाकरकाका मात्र आपणहून फोन करत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, तरी आकडे सांगून झाले की काका तिच्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करत.

जानेवारीतल्या एका सोमवारी त्यांचा फोन आलाच नाही. विनतानं लावला, तर कंपाउंडरनं उचलला. सर बिझी हैं, म्हणाला. मागे कुणीतरी सारखं खोकत होतं. तो खोकला काकांचाच, असं तिच्या मनानं घेतलं. नमुने आणायला निघालेल्या गाडीत बसून तिनं पाटन गाठलं.

काका मास्क लावून, मफलर गुंडाळून रुग्ण तपासत होते. डोळे लालबुंद झाले होते. आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं.

"काहून आलीस इतक्या लांब?"

"तुमचे आकडे घ्यायला. स्वतःला धरलं का त्यात?"

काका पुटपुटले, की दार लावून घेतलं तर ही माणसं जातील कुठे. विनतानं वाद घातला नाही. सरकारी दवाखान्यात बोलून तिनं रुग्णांची सोय लावली आणि काकांना खुर्चीत बसवलं. तपासणीचा नमुना घ्यायला नाकात काडी फिरली तसं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखत नाही म्हणून जन्मभर लोकांना सांगत आलो," ते म्हणाले. "खोटं बोलत होतो, बेटा."

वरच्या खोलीत काका एकटेच राहत. तिनं खिडक्या उघडल्या, मास्क न काढताच मुगाची खिचडी टाकली. मीठ कमी आहे म्हणत त्यांनी ताटली पुसून खाल्ली. निघताना तिनं रोज फोन करायला बजावलं. आकडे तर सोमवारीच द्यायचे असतात ना, काकांनी विचारलं.

"आकडे सोमवारीच द्या. बाकीचे दिवस नुसतं बोला."

तपासणीत फ्लूच निघाला. औषधं सुरू झाली, फोनवरचा आवाज दिवसागणिक मोकळा होत गेला. फेब्रुवारीत साथ ओसरली, तेव्हा काका मटारची पिशवी घेऊन थेट तिच्या ऑफिसात हजर झाले. विनता त्यांना जेवायला घरी घेऊन गेली. सासूबाईंसमोर बसून ते शेंगा सोलत राहिले, आणि गप्पांच्या नादात अर्धे दाणे कच्चेच खाऊन संपवले.