आधी कुणाची स्लेड

ऑगस्ट सरत आला तशी ऑर्विल हौतालाच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी कॉफीचा कप घेऊन तो अंगणात जायचा, ताडपत्रीखाली झाकलेल्या दोन स्लेडभोवती, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाईलभोवती, चक्कर मारायचा, कप तिथंच विसरून घरात यायचा आणि ट्रेलर विकणाऱ्या डेनी पेल्कीला फोन लावायचा. बर्फ पडायच्या आत नवा ट्रेलर दारात हवा असेल तर महिन्याभरात ऑर्डर द्यायला हवी, एवढंच डेनी म्हणाला होता. ऑर्विलला तेवढं पुरलं. काल एक अ‍ॅक्सल, आज दोन. काल रुंद, आज अरुंद. फोन ठेवला की पुन्हा काहीतरी नवं सुचायचं. डेनीची बायको आता फोन उचलून नावसुद्धा विचारत नव्हती. "डेनी, तुझा ऑर्विल!" एवढंच ओरडायची.

नवल म्हणजे, बंदिस्त ट्रेलर म्हटलं की हाच माणूस आजवर नाक मुरडत आला होता. "चाकांवरचा दिवाणखाना," म्हणायचा. एस्कनाबा गावाच्या या बाजूला हल्ली नाताळातही गवत दिसतं, म्हणून दर शनिवारी स्लेड ओढत वर उत्तरेच्या बर्फाळ किविनॉपर्यंत जावं लागतं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ उडून उडून त्याच्या उघड्या ट्रेलरवरच्या स्लेड पोचेपर्यंत पांढऱ्याफटक व्हायच्या. तरी हा म्हणायचा, "स्नोमोबाईल आहे ती, तिला काय थंडी वाजते?" आणि आता हाच गडी माहितीपत्रकं उशाला घेऊन झोपत होता.

खरं कारण त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं. एप्रिलमध्ये मार्क्वेटच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला समोर बसवून सांगितलं होतं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील. समोरचं, म्हणजे माणूस नेमकं ज्याच्याकडे बघतो तेच, हळूहळू पुसलं जाईल. ऑर्विलनं टोपी घातली, आभार मानले आणि घरी येऊन लेकीला सांगितलं, की चष्म्याचा नंबर बदललाय. मनाशी मात्र त्यानं पक्कं केलं. या हिवाळ्यातही ट्रेलवर, म्हणजे रानातल्या बर्फवाटेवर, पुढं आपणच असणार. जिथं जिथं डोळा दगा देईल, तिथं तिथं ट्रेलर तसा बनवून घ्यायचा, म्हणजे कुणाला संशय यायचं कारण नाही.

पुढं असण्याचं एवढं काय, असं ज्यांनी कधी स्लेड चालवली नाही ते विचारतील. समोरून दुसरी टोळी आली की सगळ्यांत पुढच्यानं डावा हात वर करून बोटं दाखवायची: माझ्यामागे इतकेजण आहेत, जपून. अगदी शेवटच्यानं मूठ दाखवायची: माझ्यामागे कुणी नाही. ऑर्विलनं उभ्या आयुष्यात बोटंच दाखवली. आधी चार, मग तीन. दोस्तांपैकी काही फ्लोरिडाला गेले, काही कायमचेच गेले. शेवटी नेहमी आयलीन असायची, त्याची बायको. "लग्न झाल्यापासून मी या माणसाचा मागचा लाल दिवाच बघतेय," असं ती चारचौघांत म्हणायची आणि तो छाती फुगवून हसायचा. ती जाऊन तीन हिवाळे झाले. आता मागे एकटी लेक, लिनेट, आणि ऑर्विलचं एकच बोट. ते बोटही खाली आलं तर आपल्यात राहिलं काय?

शेवटी एका शनिवारी लिनेट म्हणाली, "चला, आज काय ते ठरवूनच येऊ. तुमच्या येरझाऱ्यांनी अंगणातलं गवत जळलं." ती शाळेची बस चालवायची. पोरांच्या गलक्यातही कोण काय करतंय ते आरशातून ओळखायची तिला सवय होती. कंबर धरलीय असं सांगून ऑर्विलनं ट्रकची किल्ली तिच्या हातात दिली.

डेनीच्या आवारात ट्रेलर ओळीनं उभे होते. डेनी हात पुसत बाहेर आला.

"ये बाबा, ये! तुझा आवाज रोज ऐकतो, तोंड बघितलं नव्हतं. हं, आज काय? एक अ‍ॅक्सल का दोन?"

"दोन. आणि अरुंद. एकामागे एक दोन स्लेड उभ्या राहतील असा," ऑर्विल म्हणाला. "पुढं उतरतं दार हवं. मागून चढवायची, पुढून उतरवायची. उलटं घ्यायची भानगडच नको."

डेनी हसायला लागला. "ऐकलंस, लिनेट? पुढच्या दाराला 'म्हाताऱ्यांचं दार' कोण म्हणायचं गं?"

"आठवत नाही बुवा," लिनेट म्हणाली. "मोठ्यानं म्हणायचं कुणीतरी, एवढं आठवतं."

"पण एक लक्षात ठेव ऑर्विल, यात आधी चढेल ती आधी उतरेल. अधेमधे अदलाबदल नाही. पुढं कोण जाणार ते घरूनच ठरवून निघायचं."

"त्यात ठरवायचं काय? माझी आधी," ऑर्विल म्हणाला.

डेनीनं मग आपली नेहमीची टकळी सुरू केली. हीटर घे, कपाटं घे, हेल्मेट वाळवायची फळी घे, घडीचा बाक घे, ल्युटन म्हणून एक गिऱ्हाईक आहे, त्यानं तर आत सोफा बसवून घेतलाय. ऑर्विल प्रत्येकाला हात झटकत होता. "सोफ्यावर बसायला घर आहे मला. हवा जायला दोन झरोके दे, पेट्रोलचा वास कोंडायला नको. भिंती आतून पांढऱ्या कर. दिवे दे, भरपूर. रॅम्पच्या दोन्ही कडांना पिवळे पट्टे मार, जाड. आणि मागे कॅमेरा."

"कॅमेरा?" डेनी थबकला. "अरे, तू अंधारात बोळातून ट्रेलर उलटा काढणारा माणूस!"

"जग पुढं गेलंय, डेनी. तूच मागे राहिलास."

डेनीला हे उत्तर आवडलं, तो पाठीवर थाप मारून पुढं झाला. लिनेट मात्र हसली नाही. ती हाताची घडी घालून बापाकडे बघत होती, आणि ती बघतेय हे ऑर्विलला डोळ्याच्या कडेनं स्वच्छ दिसत होतं. काहीतरी करायला हवं, काहीतरी जुनं, नेहमीचं, म्हणजे तिची खात्री पटेल. तो उभ्या ट्रेलरच्या दारापाशी गेला, चौकटीला गाल लावला आणि एक डोळा मिटून वरपर्यंत बघितलं.

इथं सांगायला हवं, की ऑर्विलनं सगळी नोकरी सॉमिलमध्ये करवतीपाशी केली होती. फळीला बाक आहे की नाही हे तो असाच एक डोळा मिटून सांगायचा, आणि त्यानं सांगितलं की कुणी मोजायला जात नसे. पैजा लागायच्या त्याच्या नजरेवर.

"डेनी, ही चौकट वाकडी आहे," तो म्हणाला.

डेनीचा चेहरा पडला. "काय सांगतोस? नवा कोरा आहे रे."

"मधेच बाक आहे. चांगला मोठा. दिसत नाही का तुला?"

डेनीनंही डोळा लावला. त्याला काही दिसेना. पण ऑर्विल हौताला म्हणतोय म्हटल्यावर बाक असणारच. "कारखानावाल्यांची आता खैर नाही," असं पुटपुटत तो आत गेला आणि पाणसळ घेऊन आला. चौकटीला लावली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे येऊन थांबला. डेनीनं वर लावून बघितली, खाली लावून बघितली. बुडबुडा हलायला तयार नाही.

"तुझी पाणसळ बिघडलीय," ऑर्विल म्हणाला आणि तरातरा शेजारच्या ट्रेलरकडे गेला. तिथंही गाल लावला. "हीसुद्धा वाकडी! सगळा माल वाकडा घेतलायस तू!" तिसऱ्याकडे गेला. तीही चौकट मधोमध वाकलेली होती, अगदी त्याच जागी, आणि आपण काय करून बसलोय हे त्याला कळलं. बाक चौकटीत नव्हता, त्याच्या डोळ्यात होता.

डेनीनं पाणसळ काखोटीला मारली. मग फोन वाजल्यासारखं करून आत निघून गेला. भला माणूस.

"बाबा, माझ्याकडे बघा," लिनेट म्हणाली.

"बघतोय की."

"माझ्या कानाकडे बघताय."

ऑर्विलनं नजर तिच्या तोंडावर आणली. तिथं धुरकट डाग होता. कानाकडे बघितलं तरच तिचा चेहरा नीट दिसत होता, हनुवटी घट्ट धरलेला, आयलीनचाच.

"कधीपासून?"

"एप्रिल."

परतीच्या वाटेवर त्यांनी पेट्रोल पंपावर दोन पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, घेतल्या आणि ट्रकमध्येच बसले. कुणीही कागद उलगडला नाही.

"मार्चमध्ये जुन्या रेल्वेपुलाच्या अलीकडे तुम्ही एकदम थांबलात," लिनेट म्हणाली. "मी तुमच्यावर आदळता आदळता वाचले. हरीण होतं म्हणालात. होतं का हरीण?"

"होतं की नव्हतं, तेच मला कळलं नाही गं."

"आणि तरी पुढं जायचंय तुम्हाला!" तिचा आवाज चढला. "मी मागून येतेय, तुमच्या भरवशावर, बर्फाच्या धुरळ्यात मला काही दिसत नाही, आणि पुढच्यालाही दिसत नाही! ऐकून ठेवा, मी तुमच्यामागून येणार नाही. तुमच्याबरोबर येईन. मागून नाही."

"नको येऊस. मी एकटा जाईन."

"मग बोट कुणासाठी वर करणार?"

हे त्याला फार लागलं. पास्टी तशीच डॅशबोर्डवर गार होऊन गेली.

पुढचे दिवस त्यानं घरात नुसता धुमाकूळ घातला. लाकडं फोडलेली होती, ती पुन्हा फोडली. शनिवारी वाफेच्या आंघोळीसाठी सॉना तापवला आणि घटकाभरही न बसता बाहेर आला. डेनीला फोन करून सांगितलं, दिवे काढ. दुसऱ्या दिवशी सांगितलं, सगळा ट्रेलरच रद्द कर, स्लेडही विकून टाक. तिसऱ्या दिवशी विचारलं, पिवळ्या पट्ट्यांचं काय झालं.

"ऑर्विल," डेनी म्हणाला, "त्या शनिवारी तू सांगितलंस तसा ट्रेलर मी त्याच दिवशी मागवून टाकलाय. त्यानंतर तू काय बोललास ते मी ऐकलंच नाही. आता जरा बस एका जागी."

बसणं काही त्याला जमलं नाही. पण ऑक्टोबरमध्ये लिनेट त्याच्याबरोबर डॉक्टरकडे आली तेव्हा त्यानं नाही म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाला, या हिवाळ्यात दिवसाउजेडी, सावकाश, कुणाच्या तरी मागून जायला हरकत नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. मागून, हा शब्द ऐकताना ऑर्विल खिडकीबाहेर बघत होता. लिनेटनं परतताना विषयच काढला नाही. तिचं म्हणणं एकदा सांगून झालं होतं.

डिसेंबरात किविनॉवर तिथल्या मोठ्या सरोवराकडून बर्फ कोसळायला लागलं. शुक्रवारी फोन आला, ट्रेल खुले झाले. शनिवारी उजाडताना लिनेट नवा ट्रेलर ट्रकला जोडून अंगणात हजर झाली. मागचा रॅम्प पाडला, दिवे लावले, स्वतःची स्लेड बाजूला घेतली आणि थर्मास घेऊन पायरीवर जाऊन बसली. आधी कुणाची, हे तिनं विचारलं नाही. वाट मोकळी ठेवली.

ऑर्विलनं स्लेड सुरू केली आणि रॅम्पच्या तोंडाशी आणली. आत पांढऱ्या भिंती लख्ख होत्या. पिवळे पट्टे दोन्ही कडांनी ठसठशीत दिसत होते. जसं मनात धरलं होतं तसंच सगळं जमून आलं होतं. अंगठ्यानं जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता तर स्लेड अलगद आत गेली असती, थेट पुढच्या दारापाशी. कुणी अडवणारं नव्हतं. आतला तो उजेड बघता बघता त्याला रेल्वेपुलाची आठवण झाली. मागे ब्रेक लागल्याचा आवाज, लिनेटची किंकाळी, आणि आपण खुशाल म्हणालेलो, हरीण होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं इंजिन बंद केलं.

"काय झालं? दिसत नाहीये?" लिनेट उठून उभी राहिली.

"दिसतंय. चांगलं लख्ख दिसतंय." त्यानं स्लेड मागे ओढायला सुरुवात केली. "तुझी चढव आधी."

"नक्की?"

"चढव म्हटलं ना. कॉफी गार होतेय."

तिनं चढवली. मग त्यानं आपली चढवली, तिच्यामागे.

दुपारी ते देवदारांमधून चालले होते. पुढच्या स्लेडचा धुरळा ऑर्विलच्या काचेवर येत होता. जरा बाजूला नजर ठेवली की लिनेटचा लाल दिवा नीट दिसायचा. त्यावर बघितलं की विझायचा. तासाभरात त्याला बरोबर कुठं बघायचं ते जमलं. एका वळणावर समोरून टोळी आली. लिनेटनं डावा हात वर केला, एक बोट ताठ. तिच्या मागे एकजण होता, आणि ती त्याला मोजत होती.

टोळीतला पहिला गडी जवळ आला आणि त्यानं ऑर्विलकडे मान वळवली, सगळे वळवतात तशी. ऑर्विलचा हात सवयीनं वर गेला. बोट उघडलंच होतं. ते त्यानं मिटलं आणि मूठ उंच धरली, सगळी टोळी जाईपर्यंत. आयलीन इतकी वर्षं त्याच्या पाठीमागे हीच मूठ वर करत आली होती, आणि त्यानं ती एकदाही पाहिली नव्हती.