सत्यजलाचा पेला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सत्यजल महाराजांचे मंतरलेले पाणी प्यायले की खोटारड्याचे पोट सकाळपर्यंत पिळवटते, हा चमत्कार साऱ्या इमारतीने पाहिला होता. महाराज आधी घरच्यांना हळूच विचारत, "संशय कुणावर?" मग त्यालाच दरडावत आणि पेला देत. एवढीच त्यांची साधना.

आईची बांगडी हरवली होती आणि संशय वहिनीवर होता. पोट दुखले तर तिला कायमचे माहेरी धाडायचे, असे ठरले होते. महिनाभर ती सावलीसारखी वावरत होती. मुळातच नाजूक असलेले तिचे पोट त्या काळात पार बिघडले होते. काल संध्याकाळी महाराजांनी तिला पेला दिला आणि आज सकाळी ती भिंतीला टेकून कण्हत होती.

"पाहिलंत? आतड्यांनीच कबुली दिली," महाराज म्हणाले.

दादा पुटपुटला, "सामान बांध."

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरीही उठलो. "दादा, काल पडद्यामागे पेले मीच नेले होते. वहिनींना साधं पाणी दिलं. त्यांनाही ठाऊक नाही. सत्यजल मी प्यायलो."

"तू निष्पाप, म्हणून बचावलास, बाळ," महाराज म्हणाले.

"पण त्यांच्या पोटात ते गेलंच नाही, महाराज. मग दुखलं कशानं?"

महाराज दाढी कुरवाळू लागले. "मंत्र हवेतूनही भिनतो."

"मग पेला कशाला लागतो?" वहिनीला तपासत असलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणीतरी फिस्सकन हसले. "अहो, माणूस घाबरला की आतडी आवळतात. शिवाय भीतीच्या वेळी शरीरात जे संप्रेरक तयार होतं, ते मिळालं की आतड्यातले काही जंतू भराभर वाढतात. प्रयोगशाळेत तसं दिसलंय. हिचं पोट तर आधीच आजारी, त्यात महिनाभर तुम्ही सगळ्यांनी हिला धाकात ठेवलंत. यांनी फक्त शेवटचा धक्का दिला."

"भाऊजी, आधी सांगायचं होतं," वहिनी क्षीणपणे म्हणाली.

"सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला नसता. मग यांचं ढोंग उघडं कसं पडलं असतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझी मान खाली गेली.

महाराज मागच्या दाराने गेले. त्यांच्या पोटाचे काय झाले, कळले नाही.

बांगडी अजून सापडलेली नाही. आई एकेक कपाट रिकामे करते, वहिनी कपड्यांच्या घड्या घालून देते. त्या पेल्याने एवढेच सिद्ध केले की भ्यालेल्या माणसाचे पोट दुखते. त्यावरून कुणाला घराबाहेर काढण्यापूर्वी निदान इतके तरी विचारावे, की त्याला भीती घातली कुणी?