जज्जसाहेबांचं १७८८ सालचं पत्र

मी चरक बोलतोय. उसाचा नव्हे, पत्रांचा. लंडनमध्ये घडलो, जहाजानं कनेक्टिकटला आलो. ताज्या शाईच्या पत्रावर ओला पातळ कागद ठेवून माझ्या रुळांतून काढला की नक्कल उमटते. पत्र टपालानं जातं, नक्कल घरच्या पेटीत राहते. त्यामुळे लिहिणाऱ्याला मागाहून कानांवर हात ठेवता येत नाहीत. निदान मला तसं वाटायचं.

माझे धनी जज्ज लेमुएल ट्रास्क. देशाची घटना होत होती तेव्हा, १७८८ साली, त्यांनी लिहिलं, राज्यांहून देशाचं सरकार मोठं. पुढे १८१२ साली इंग्रजांशी लढाई जुंपली, इथली बंदरं ओस पडली, तेव्हा लिहिलं, राज्यानं त्या सरकारला साफ नाही म्हणावं. दोन्ही नकला मीच काढल्या. आणि जेवताना ते पाहुण्यांना सांगायचे, "ट्रास्कनं चौतीस वर्षांत शब्द फिरवला नाही."

१८२२ साली बॉस्टनचे एक लेखक त्यांचं चरित्र लिहायला यायचे ठरले. पेटी त्यांच्यापुढे उघडणार होती. दोन दिवस आधी जज्जसाहेबांनी दार लावून घेतलं, १७८८ ची तारीख घालून नवं पत्र लिहिलं, त्यात राज्यांना वर चढवलं आणि नक्कल माझ्यातून काढली. जुनी चुलीत गेली.

नवी सून मेहिटेबल बोलायची कमी. पाहुणे यायच्या सकाळी पेटी आवरताना ती एक कागद खिडकीशी धरून उभी राहिली.

"जज्जसाहेब, हा चरक जिन्यावरून कधी पडला?"

"अठराशे नऊ साली. का?"

"तेव्हापासून रुळाला खाच आहे. प्रत्येक नकलेच्या कडेला पांढरा ठिपका येतो. अठ्ठ्याऐंशीच्या या पत्रावरही आहे."

जज्जसाहेब मक्याची भाकरी मोडता मोडता थांबले. "तुला घरात येऊन तीन महिने नाही झाले."

"म्हणून तर अजून सगळं बघतेय."

"ऑलिव्हरला सांगितलंस?"

"तुमच्या मुलाला तुमचं सगळं खरंच वाटतं. त्याला कशाला त्रास?"

दुपारी लेखकांनी विचारलंच, "साहेब, तुमची मतं कधी बदलली?"

जज्जसाहेबांनी ते पत्र पुढे सरकवलं. "परवा. या चरकावर. खऱ्या पत्राची नक्कल मी जाळली. त्यात काय होतं ते सांगतो, लिहून घ्या."

लेखकांचे डोळे भरून आले.

आता मी माळ्यावर गंजत पडलोय. माझी एवढीच विनंती आहे. ते चरित्र हाती आलं तर जज्जसाहेबांच्या प्रामाणिकपणाच्या पानावर जरा थांबा. त्या वेळी दाराशी कॉफीची किटली घेऊन सूनबाई उभी होती, हे तिथं लिहिलेलं नाही.