एका संध्याकाळपुरतं

दीप्तीने काचेच्या नळीचं एक टोक ओठांत धरलं, दुसरं गोठ्याच्या कुडावर बसलेल्या डासाजवळ नेलं आणि श्वास हलकेच आत ओढला. डास काचेत आला. मग दुसरा, तिसरा. तिन्हीसांजेच्या अर्ध्या तासात साठ झाले.

"मामी, गेल्या महिन्यात जेमतेम बारा मिळाले होते गो!"

गोजाबाई म्हशीच्या पाठीवर हात फिरवत हसली.

"मिळतील नाय तर काय! तू सांगून गेलीस, धूर करू नका, मच्छर पळतात. महिना झाला, गोवरीवर निरगुडीचा पाला टाकला नाय आमी. म्हस शेपटी मारून दमली, पण तुजं काम बिघडवलं नाय."

नळी दीप्तीच्या ओठांतून सुटली. तिने सांगितलं होतं ते त्या एका संध्याकाळपुरतं. 'उद्यापासून करा' एवढं म्हणायचं मुरबाडची गाडी गाठायच्या घाईत राहून गेलं होतं.

"मामा कुठेत?"

"आत पडलेत. ताप डोक्यात गेला. पंधरा दिस दवाखान्यात काढले. तुला फोन करू नको म्हणायचे. आता पाय उचलत नाय."

त्या बारा डासांचा अहवाल परवाच आला होता. मेंदूज्वराचा विषाणू. प्रयोगशाळेत सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती, आणि आणखी डास हवेत म्हणून ती पुन्हा इथे, वैशाखऱ्याला आली होती.

मामांना डास शेतावरही चावला असेल. इथलाच होता हे कोण सांगणार? वाक्य जिभेवर तयार होतं. शास्त्राला धरून होतं, खोटंही नव्हतं. तिने ते गिळलं.

"मामी, चुकले मी. धूर एकच दिवस बंद ठेवायचा होता. पुढचं सांगायचं विसरले. आणि इथल्या डासांत तसल्याच तापाचा विषाणू सापडलाय."

गोजाबाईचा हात थांबला.

"त्यांना सांगू नको," ती म्हणाली. "मी दोनदा गोवरी पेटवाया गेले, तर त्यांनीच इझवली. आपल्यातली पयली एवढी शिकलेली पोर, तिचा शब्द मोडायचा नाय म्हणाले."

आतून अडखळता आवाज आला. "दीप्ती... आली का गो? मच्छर... गावले?"

ती दाराशी गेली. बाजेवरून मान वळवून बारकूमामा वाट बघत होते.

"गावले, मामा. पुष्कळ."

मामा हसले. तोंडाची एकच बाजू हसली.