चटका न लागणारा हात

सगुणाच्या हाताला चटका लागत नाही, हे ठाकुर्लीच्या आसपासच्या सगळ्या आगरी घरांना ठाऊक होतं. हळदीच्या मांडवात भाकऱ्या भाजायला बायका पुष्कळ बसत, पण तव्यावरची तांदळाची भाकरी नुसत्या बोटांनी उचलून निखाऱ्यावर उभी धरणारी ती एकटीच. नव्या सुनांना तिच्या शेजारी मुद्दाम बसवत.

तिची मुलगी कल्पिता वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत ओपोसमच्या चेतापेशी बघायची. पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा हा अमेरिकेतला प्राणी. पिल्लू जन्मतं ते आंधळं, नखाएवढं, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. तरी पुढच्या पायांनी आईचे केस धरत ते पिशवीपर्यंत चढतं. त्या पुढच्या पायांचा स्पर्श टिपणाऱ्या पेशी मानेच्या मणक्यांलगतच्या गाठींत असतात. मोठ्या, गोल, मधे फिकट केंद्रक, आणि प्रत्येकीला बिलगलेलं लहान पेशींचं पातळ कडं. कमरेकडच्या गाठींत हेच सगळं अजून कच्चं दिसतं. या गाठींचे अतिशय पातळ काप पाण्यावर तरंगत, आणि कल्पिता ते काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने हलवायची.

"म्हणजे उंदराच्या पोराला आधी हात फुटतात, हे बघायचा तुला पगार मिळतो," तिचा भाऊ नयन म्हणायचा.

एका संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा आई भाकऱ्या भाजत होती. काहीतरी करपल्याचा वास येत होता.

"काय जलतंय गो बाय?" सगुणाने तवा बघितला, चूल बघितली. "भाकर तर बरी हाय."

जळत होती तिची उजवी करंगळी. तव्याच्या कडेला टेकलेली.

नयन हसला. "आईचा हात आहे तो. लोखंड."

कल्पिता हसली नाही. तिने आईचा हात पाण्यात धरला, मग तिला डोळे मिटायला सांगितलं. स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटून तिने तो करंगळीवर टेकवला, मग शेजारच्या बोटावर, मग तळव्याच्या कडेवर. पुन्हा करंगळीवर.

सगुणा डोळे मिटून वाट बघत होती. "कवा लावशील?" तिने विचारलं.

कोपराच्या आतल्या बाजूची नस कल्पिताच्या बोटांना सुतळीसारखी जाड लागली. हातावर बांगड्यांच्या वर एक फिकट चट्टा होता. तो पिठाचा आहे असं घरात सगळेच समजत आले होते, आणि रोज दिवसभर स्पर्शाच्या पेशी बघणारी कल्पिताही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कुष्ठरोग सांगितला. गोळ्या फुकट आहेत, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होत नाही. गेलेली संवेदना बहुतेक परत येणार नाही. "उरलेली बोटं वाचवायची असतील तर आगीपासून लांब राहा. कळत नसलेली जखमच बोट खाते."

सगुणाने गोळ्या घरी आणल्या, पण कुणाला दिसू नयेत म्हणून कागदात गुंडाळून. भाची अमृताची हळद आठवड्यावर आली होती.

"मामीने भाकऱ्या नाय केल्या तर लोक विचारतील," ती म्हणाली.

"सांगू हात भाजलाय," कल्पिता म्हणाली.

"माजा हात भाजला, आनि कोन मानंल?"

नयनने कल्पिताला बाहेर नेलं. "तोंड उघडू नकोस. हे कळलं तर आपल्या घरचं पाणी पिणार नाही कुणी. अमृताचं लग्नही अडेल."

कल्पिताने तोंड उघडलं नाही. हळदीला ती आईला खेटून चुलीपुढे बसली. "वर," ती हळूच म्हणायची, की आई बोट उचलायची. "डावीकडे. सोड." आईला जे कळत नव्हतं ते ती डोळ्यांनी कळवत होती. बराच वेळ ते जमलं.

"काय गो, आयशीला शिकवतेस?" म्हाताऱ्या रखमाबाईने टोमणा मारला. "तुजा हात ठेव बघू तव्यावर." बायका हसल्या, सगुणाही हसली. कल्पिताने उत्तर द्यायला मान वर केली.

मान खाली घातली तेव्हा आईची दोन बोटं तव्यावर सपाट टेकलेली होती, आणि आई अजून हसत होती.

कल्पिताने तिचं मनगट ओढलं. बोटांची कातडी तव्यावरच राहिली.

"तिला काही कळत नाही," ती म्हणाली. आवाज अख्ख्या मांडवाला ऐकू गेला. "मेलाय तो हात. कुष्ठ आहे तिला. लागण नाही होत, औषध आहे त्याला, पण हात जाईल तिचा."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलं की नाही कोण जाणे. शेजारची सून परात घेऊन उठली. रखमाबाईने तोंडातला घास हातात काढला आणि तो कुठे टाकावा ते तिला सुचेना. नयन मांडवाच्या दारात उभा होता, तो मागे वळून निघून गेला.

सगुणाने पदराने हात झाकला. चुलीभोवतीच्या रिकाम्या पाटांकडे बघत ती म्हणाली, "भाकऱ्या गायीला तरी घाल. का ती पन नाय खायाची आता?"

"गोळी घे आधी," कल्पिता म्हणाली.

"दे." तिने डावा हात पुढे केला.