अजून कोणी?

"आली बघा कोरडी विहीर!" शेकोटीवर हात शेकता शेकता म्हातारा ताऊ ओरडला. "काय गं, खुर्ची आणलीस की बादली?"

"बादलीच आणणार होते, तुझ्या नरड्यात ओतायला. पण तुझी तहान ताडीची, ती पाण्यानं कुठली भागायला! सरक तिकडं," बासेत्साना म्हणाली. डोक्यावरची खुर्ची उतरवून तिने ती बायकांच्या बाजूला मांडली, शाल सारखी केली आणि हुश्श करून बसली.

बोत्स्वानातल्या त्या गावच्या चावडीवर सभा असली की ज्याने त्याने आपली खुर्ची घरून आणायची, ही तिथली रीत. चावडी म्हणजे तरी काय, वाळलेल्या खोडांचे अर्धे कुंपण, मध्ये धुमसणारी शेकोटी आणि वर मोकळे आभाळ. हिवाळ्याची सकाळ होती. माणसे कोट-घोंगड्यांत गुरफटून येत होती आणि खुर्च्या कुरकुरत होत्या.

आजची सभा पाण्याची होती. गावची जुनी बोअर खारट झाली होती आणि गावाने बरेच खेटे घातल्यावर सरकारने एक नवी मंजूर केली होती. एकच. ती कुठे खणायची, हे आज ठरणार होते. बासेत्साना राहायची वरच्या आळीत, टेकडीच्या अंगाला. पाणी आणखी लांब गेले तर त्या आळीतल्या म्हाताऱ्यांनी हंडे घेऊन कुठवर जायचे? तिचे स्वतःचे गुडघे केव्हाच बोलायला लागले होते. तेव्हा आज आपणही बोलायचे, असा तिने पण केला होता. सकाळी ज्वारीची आंबील ढवळता ढवळता तिने दारातल्या शेळ्यांसमोर भाषणाची तालीमसुद्धा केली होती. शेळ्यांनी मुकाट ऐकून घेतले. पण शेळ्यांपुढे बोलणे वेगळे आणि चावडीवर बोलणे वेगळे. चावडीवर ती पूर्वी एकदाच बोलली होती आणि ते बोलणे तिला जन्मभर पुरले होते.

ते दुष्काळाचे साल होते. बासेत्साना तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. गावचे प्रमुख होते मोलेबात्सी. प्रमुखाला तिकडे 'खोसी' म्हणतात. अंगाने किडकिडीत, डोक्यावर कायम एक मळकी टोपी आणि बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. त्या काळी बायका चावडीवर बसत, पण बोलत नसत. खोसी मोलेबात्सी एके दिवशी म्हणाले, "पाणी कोण भरतं? बायका. मग विहिरीचं पुरुषांनीच काय म्हणून बोलायचं? बोला, बायांनो." सगळ्या एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या आणि उभी राहिली कोण, तर ही कालची पोर! म्हणाली, मारुलाच्या झाडाखाली खणा, दुष्काळातसुद्धा ते हिरवे असते, खाली पाणी असणारच. बोलली अशी ठसक्यात की माणसे माना डोलवायला लागली. संध्याकाळपर्यंत सगळे गाव मारुलाच्या बाजूचे झाले.

शेवटी खोसी बोलले. "माझं मन नदीच्या पात्राकडं होतं," ते म्हणाले, "पण गावाचं मन मारुलाकडं आहे. मग माझंही तिकडंच."

खणले. खाली नुसता फुफाटा निघाला.

वर्षभर गावाने गाढवांच्या गाड्यांतून पाणी ओढले. जिल्ह्याचा साहेब तणतणत आला. "इतका पैसा मातीत घातलात! ही जागा कुणी सांगितली?" त्याने भर चावडीवर विचारले. बासेत्साना शालीत तोंड लपवून मागे उभी होती. सगळ्या गावाला नाव ठाऊक होते. खोसींनी टोपी काढली, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी सांगितली, साहेब. शेवटचा शब्द माझा होता." एवढेच. पुढे ना त्यांनी तिला कधी त्यावरून छेडले, ना कुणाला छेडू दिले. ताऊ आणि मंडळींनी चिकटवलेले ते नाव तेवढे राहिले. पण त्यात आता विष उरले नव्हते.

त्या दिवसापासून बासेत्सानाने तोंडाला कुलूप लावले. सभेला येई, बसे आणि खुर्ची उचलून घरी जाई. पण खोसींची एक गोष्ट फक्त तिला कळत होती. प्रत्येक सभेत, सगळ्यांचे बोलून झाल्यावर, स्वतः बोलण्याआधी ते बायकांच्या बाजूला बघत आणि विचारत, "अजून कोणी?" मग थांबत. इतके थांबत की माशी घोंघावली तरी ऐकू यावे. पुरुषांना वाटे, म्हातारा विसरला वाटते पुढचे. बासेत्सानाला ठाऊक होते की ते आपल्यासाठी थांबले आहेत. ती आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राही. ती दोघेही अशीच म्हातारी झाली, ते विचारता विचारता आणि ही गप्प बसता बसता. गेल्या हिवाळ्यात खोसी वारले. आता उत्तर कुणाला द्यायचे? बासेत्सानाने शोकाचे दिवस संपल्यावरही कितीतरी दिवस डोक्यावरचा काळा रुमाल उतरवला नव्हता. लोकांना वाटले, विसरली असेल.

"पुला! पुला!" चावडी उठून उभी राहिली. 'पाऊस पडो' म्हणून खोसीचे स्वागत करतात, तसे केले. मोलेबात्सींचा मुलगा मोगोमोत्सी आला. राजधानीत बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, आता वडिलांच्या जागी बसला होता. कडक सूट, हातात माईक. मुलगा वाईट नव्हता हो, पण घाईचा. ही त्याची पहिलीच सभा होती.

"मंडळी, तुमचा वेळ मोलाचा आहे," तो म्हणाला. "मी सगळी चौकशी केलीय. बोअर डांबरी रस्त्याला घ्यायची. मशीन आणायला सोपं, विजेचा खांबही जवळ. तर असं ठरवलंय. आता बोला, तुमचं काय म्हणणं?"

मग ताऊ उठला. त्याने खुर्चीची घडी घातली आणि बगलेत मारली. त्याच्या मागे दुसरा उठला, तिसरा उठला. बघता बघता अर्धी चावडी खुर्च्या घेऊन चालू लागली. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जेवण आटोपल्यावर उठावे तसे उठले.

मोगोमोत्सी आ वासून बघत राहिला. "अहो, कुठं निघालात? सभा आत्ता तर सुरू झाली!"

"संपली की, खोसी," ताऊ अदबीने म्हणाला. "तुम्ही बोललात ना."

"मग आता तुम्ही बोला!"

"खोसीच्या शब्दावर शब्द? तसलं नाही शिकवलं आमच्या बापानं. डांबरी रस्ता तर डांबरी रस्ता. शेळ्या सोडायच्यात अजून."

पोराच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. आपण काय मोडले ते त्याला उमगेना, पण काहीतरी मोडले एवढे कळले. बासेत्साना बसूनच होती. तिला त्याची दया आली आणि वरच्या आळीतल्या हंड्यांचीही आठवण झाली. पाठ केलेले भाषण तर कुठच्या कुठे पळाले होते. ती गुडघ्यांवर हात देऊन उठली.

"खोसी, कोरड्या विहिरीनं एक विचारलं तर चालंल का?"

हशा पिकला. निघालेली माणसे थबकली. कोरडी विहीर बोलतेय? हे तर इतक्या वर्षांत कुणीच ऐकले नव्हते!

"विचारा ना, म्मा," मोगोमोत्सी म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला तिकडे अशीच हाक मारतात.

"तुमच्या वडिलांना बोलायच्या आधी खाकरायची सवय होती. सगळ्यांचं ऐकून झालं की खाकरायचे, मग बोलायचे. तुम्ही मघाशी खाकरलात ना? आमची म्हातारी डोकी, आम्हाला वाटलं बोललातच."

मोगोमोत्सीने तिच्याकडे पाहिले, मग हातातल्या माईककडे. लहानपणी वडिलांच्या पायाशी बसून ऐकलेल्या त्या लांबलचक, कंटाळवाण्या सभा त्याला आठवल्या असाव्यात. त्याने माईक खाली ठेवला.

"हो, म्मा," तो म्हणाला. "थंडी बाधलीय. खाकरलोच मी. बोललो नाही अजून."

"पुला!" ताऊ गरजला आणि बगलेतली खुर्ची त्याने धाडकन जमिनीवर मांडली. "आधी सांगायचं नाही का! उगाच माझी हाडं उठवली."

"आता उभी आहे तर बोलून घेते," बासेत्साना म्हणाली. आवाज कापत होता, तरी तिने रेटले. "जागा मी सांगत नाही. मागं एकदा सांगितली ती तुम्हाला पुरली. पण वरच्या आळीत आता म्हाताऱ्याच उरल्यात. पोरी शहराला गेल्या. डांबरी रस्ता गाड्यांना जवळ असंल, आमच्या गुडघ्यांना नाही. एवढं मनात धरा, मग हवं तिथं खणा."

मग बोलायला कोण उरले नाही? ताऊ बोलला, मास्तरीण बोलली, टपरीवाली बोलली. दोघातिघांचे चांगलेच वाजले, चहा झाला आणि पुन्हा वाजले. सावल्या कुंपणाला टेकल्या तेव्हा कुठे सगळे दमले. मोगोमोत्सीने दिवसभर तोंड उघडले नव्हते. कोट केव्हाच काढून ठेवला होता. तो उठला आणि बायकांच्या बाजूला बघून म्हणाला, "अजून कोणी?"

आणि थांबला.

बासेत्सानाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि नाही म्हणून हलवली. तेव्हा कुठे तो बोलला. बोअर शाळेपाशी. रस्त्याला नाही आणि वरच्या आळीतही नाही. आळीला नळ पुढे, सरकारने पैसे दिले तर. बासेत्सानाला हवे होते त्यातले निम्मेच मिळाले. पण तिने सगळ्यांबरोबर 'पुला' म्हटले आणि मनापासून म्हटले.

घरी जाताना ती मारुलाच्या वाटेने गेली. झाडाखाली त्या फसलेल्या बोअरचा गंजका पाइप अजून होता. पोरांनी आत दगड टाकू नयेत म्हणून खोसी मोलेबात्सींनी त्याच्या तोंडावर एक चपटा दगड आपल्या हाताने ठेवला होता. तिने खुर्ची त्याच्या समोर मांडली, चावडीवर मांडावी तशी आणि दम खात जरा वेळ बसली.

"माझं बोलून झालं, खोसी," ती म्हणाली.

मग तिने खुर्ची डोक्यावर घेतली आणि टेकडी चढू लागली.